‘सर मी ओके हाय’ म्हणणाऱ्या प्लेयरला परत कधी उतरवायचं? कन्कशननंतरचा हिशोब

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात एका तालमीच्या ज्युनियर फुटबॉल टीमचं बघतो, म्हणजे बॉलमध्ये हवा भरण्यापासून कुणाच्या घरी फोन करायचा इथपर्यंत सगळं, आणि एवढ्या वर्षांत डोक्याला मार लागून कन्कशन झालेली, म्हणजे मेंदूचं काम बिघडलेली, सात-आठ पोरं माझ्या हाताखालून गेली. त्यातल्या पहिल्याच्या बाबतीत मी सपशेल चुकलो. त्यानंतर डॉक्टरांचं डोकं खाऊन, वाचून, जी पद्धत बसवली ती इथं लिहितोय, कारण आपल्याकडं गुडघा गेला तर पोराला सहा महिने घरात बसवतात आणि डोक्याला लागलं तर पाण्याची बाटली डोक्यावर ओतून परत आत.

ते पहिलं पोरगं आमचा लेफ्ट बॅक, सोळा वर्षांचा. प्रॅक्टिस मॅच चालू होती, कॉर्नरला दोघं एकदम उडाले आणि समोरच्याचं डोकं याच्या कानाच्या वर बसलं. पडला, दोन-चार सेकंदात उठला, रक्त नाही, टेंगूळ नाही. पुढच्या दहा मिनिटांत त्यानं मला तीन वेळा विचारलं, "सर स्कोअर किती झालाय?" आम्ही हसलो. खरंच हसलो. चौथ्या दिवशी प्रॅक्टिसला हजर, "सर मी ओके हाय", पळाला पण चांगला, म्हणून पाचव्या दिवशी खेळवला, आणि एक साधा उडता बॉल कपाळाला लागला तसा हा खालीच बसला आणि मग गोलपोस्टच्या मागं जाऊन उलटी. सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण पोरगं परत नीट खेळायला लागेपर्यंत जवळजवळ सात आठवडे गेले, शाळेची घटक चाचणी बुडाली ती वेगळीच. त्याच्या आईनं नंतर सांगितलं की त्या चार दिवसांत तो संध्याकाळी लाईट बंद करून अंधारात पडून राहायचा. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

म्हणजे माझ्याकडं पुरावा काय होता तर त्याचं स्वतःचं "ओके हाय". आणि डोक्याला लागलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात कच्चा पुरावा तोच, कारण ज्या यंत्रानं तो स्वतःला तपासतोय तेच यंत्र बिघडलेलं असतं.

आधी त्या दिवसाचं

शंका आली की बाहेर, आणि बाहेर म्हणजे त्या दिवशी परत आत नाही. पाच मिनिटांनी बरं वाटलं तरी नाही, फायनल असली तरी नाही. यावर डॉक्टर लोकांमध्ये सुद्धा आता वाद राहिलेला नाही.

शंका कशावरून घ्यायची? बेशुद्ध पडलाच पाहिजे असं अजिबात नाही, दहातल्या नऊ जणांची शुद्ध हरपतच नाही. पडल्यावर हलला नाही, उठताना झोकांड्या गेल्या, नजर हरवल्यासारखी झाली, चुकीच्या पोझिशनला जाऊन उभा राहिला, तोच प्रश्न परत परत विचारतोय, उजेडाकडं बघवत नाही, डोकं जड झालंय, मळमळतंय, किंवा नुसतं "काहीतरी वेगळंच वाटतंय" म्हणतोय, यातलं एक जरी दिसलं तरी बास. आणि मार थेट डोक्यालाच लागायला पाहिजे असं पण नाही, जोरात खांदा लागून मान झटकली तरी मेंदू आत हलतो.

विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत, मॅडॉक्सचे प्रश्न म्हणतात त्यांना: आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत, कितवा हाफ चालू आहे, शेवटचा गोल कुणी मारला, मागची मॅच कुणाबरोबर होती, ती आपण जिंकलो का. नाव आणि वाढदिवस विचारून उपयोग नाही, ते डोकं फुटलेला माणूस पण सांगतो. पण उलटं करू नका हां, पाची उत्तरं बरोबर आली म्हणून पोरगं पास झालं असं नाही, एक चुकलं तर नक्की बाहेर एवढाच त्यांचा उपयोग.

२०१४ च्या वर्ल्ड कप फायनलला जर्मनीच्या ख्रिस्तोफ क्रामरला सतराव्या मिनिटाच्या आसपास अर्जेंटिनाच्या गारायचा खांदा तोंडावर लागला. तो उठून खेळत राहिला, आणि मग त्यानं रेफरी रिझोलीला जाऊन विचारलं की ही फायनलच आहे का. रेफरीला वाटलं चेष्टा करतोय, पण हा परत विचारतोय म्हटल्यावर त्यांनी जर्मनीच्या प्लेयरना सांगितलं, आणि एकतिसाव्या मिनिटाला तो बाहेर गेला. माराकाना स्टेडियम, जगातले भारी भारी डॉक्टर बाजूला, सगळी दुनिया टीव्हीवर बघतेय, तरी चौदा मिनिटं पोरगं आत! आमच्या लेफ्ट बॅकचा "स्कोअर किती" आणि क्रामरचा "फायनल हाय काय" हा एकच प्रश्न आहे. त्याच वर्ल्ड कपला उरुग्वेच्या आल्वारो परेराला स्टर्लिंगचा गुडघा लागला, पार आडवा झाला होता, डॉक्टर बाहेर काढा म्हणून खूण करत होते आणि हा उठून त्यांनाच नको नको म्हणून ओरडत होता, आणि खेळला. म्हणून म्हणतो, प्लेयरला विचारायचंच नाही. तो नाहीच म्हणणार.

त्यानंतर फिफानं रेफरीला तीन मिनिटं खेळ थांबवायची मुभा दिली. पण तीन मिनिटांत फक्त शंका घेता येते, क्लीन चिट देता येत नाही. डॉक्टर लोकांची स्कॅट ६ नावाची जी पूर्ण तपासणी आहे तिला शांत खोलीत बसून दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात, आणि ती डॉक्टरनंच करायची असते.

एक कामाची गोष्ट, जुलै २०२४ पासून फुटबॉलच्या नियमावलीत कन्कशनसाठी एक जादा सबस्टिट्यूट ठेवायची सोय आली आहे, आपले ठरलेले बदल संपले असले तरी. पण ती प्रत्येक स्पर्धेनं स्वतः लागू करायची असते. म्हणून टुर्नामेंटच्या आधी टीम मॅनेजरच्या मीटिंगला आयोजकांना विचारून घ्या, मॅच चालू असताना टचलाईनवर भांडून काही मिळत नाही.

दवाखाना लगेच कधी

हे पटकन वाचा आणि पाठ करा. मान दुखतेय, उलट्या परत परत होतायत, डोकेदुखी वाढतच चाललीय, झटका आला, हातापायाला मुंग्या किंवा जोर नाही, एकाचे दोन दिसतायत, गुंगी वाढतेय, बडबडायला लागला किंवा अंगावर यायला लागला, नाका-कानातून पाणी किंवा रक्त: १०८ ला फोन, कॅज्युअल्टी. मान दुखत असेल किंवा बेशुद्ध असेल तर उचलून बाहेर आणायला जायचं नाही, श्वास नीट चालू आहे ना एवढं बघून तिथंच डोकं-मान स्थिर धरायची. चार जणांनी हातपाय धरून पळवत नेणं हा आपल्याकडचा जुना प्रकार आहे, तो बंद करा. कांदा-चप्पल हुंगवणं पण बंद करा.

सीटी नॉर्मल आला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ आत रक्तस्राव नाही, हाड मोडलं नाही, एवढाच. कन्कशन हा मुका मार आहे, मेंदूची रचना जागच्या जागी असते पण काम बिघडलेलं असतं. मारानंतर पेशींना सावरायला जास्त ताकद लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. म्हणजे घरात सिलेंडर संपत आलाय आणि त्याच दिवशी दहा पाव्हणे जेवायला. या काळात पोरगं दुसरा मार खाऊन आलं तर त्रास आठवड्यांचा होतो, आणि फार क्वचित, पण खास करून कोवळ्या वयात, मेंदूला अचानक सूज येऊन जीवावर बेततं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००६ साली एका तेरा वर्षांच्या पोराला त्यांच्या त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये मार लागूनही त्याच मॅचला परत उतरवलं, तो मॅच संपता संपता कोसळला आणि कायमचं अपंगत्व आलं. २००९ मध्ये तिथं कायदाच झाला की लेखी परवानगीशिवाय मुलाला परत खेळवायचं नाही. आपल्याकडं कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही, वहीत लिहून टाकलं की झालं.

पहिले दोन दिवस

एकटं सोडायचं नाही. गाडी चालवायची नाही, म्हणजे सोळा वर्षाचं पोरगं गाडीवर आलंच कसं हा प्रश्न वेगळा, पण त्या दिवशी तरी चावी काढून घ्या. दारू नाही, झोपेची गोळी नाही, आणि डोकेदुखीची गोळी स्वतःच्या मनानं नाही. ब्रुफेन-अॅस्पिरिनसारख्या गोळ्या तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नकोत.

"झोपू देऊ नका" हे सगळ्या आज्ज्या सांगतात. डॉक्टरनं तपासलंय, वर सांगितलेलं काही नाही, मग झोपू दे की, झोप तर औषध आहे. फक्त घरात कुणीतरी जागरूक माणूस पाहिजे आणि पहिल्या रात्री मध्ये एकदोनदा बघून घ्यायचं. मोबाईल मात्र पहिले ४८ तास कमीत कमी. हे ऐकून पोरांची तोंडं गुडघा फुटल्यापेक्षा वाईट होतात.

आणि आराम म्हणजे आठवडाभर अंधाऱ्या खोलीत कोंडणं पण नाही. ही जुनी पद्धत झाली. २०२२ च्या ऑक्टोबरला अॅमस्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ बसले होते, त्याचा निष्कर्ष २०२३ ला छापून आला, त्यात स्पष्ट आहे की एक-दोन दिवसांनंतर हलकं चालणं-फिरणं चालू केलेलं उलट बरं.

आता मुद्दा, परत कधी

तारीख बघून ठरवायचं नाही, पायरी बघून ठरवायचं. पण तारखेच्या आधी पण नाही. या दोन्ही गोष्टी एकदम धरायच्या, इथंच लोक गडबडतात.

पायऱ्या त्या अॅमस्टरडॅमच्याच, सहा. मी आमच्या पोरांना कसं लावतो ते सांगतो. पहिली, रोजचं घरातलं आयुष्य: जेवण, गप्पा, अंगणात चालणं, थोडं वाचन. दुसरी, दम लागेल असा हलका व्यायाम, आधी रंकाळ्याच्या कडेनं भराभर चालणं, ते जमलं तर हळू जॉगिंग. यात नाडी मोजायची, घड्याळ-बिड्याळ नको, मानेवर दोन बोटं, पंधरा सेकंद, गुणिले चार. २२० वजा वय म्हणजे अंदाजे कमाल ठोके, सोळा वर्षाच्याचे २०४, त्याच्या ५५ टक्के म्हणजे ११२ पर्यंत पहिल्यांदा आणि नंतर ७० टक्के म्हणजे १४३ पर्यंत. पंधरा सेकंदात २८ आणि मग ३६ ठोके, एवढं पोरं लक्षात ठेवतात. तिसरी पायरी, एकट्यानं बॉल घेऊन: ड्रिबल, टर्न, भिंतीवर पास, स्प्रिंट. टीमपासून लांब, हेडर म्हणजे डोक्यानं बॉल मारणं नाही, कुणी धडकायला नाही.

या तीन पायऱ्यांमध्ये थोडा त्रास झाला तर घाबरायचं नाही. सुरू करायच्या आधी विचारायचं, दहापैकी डोकं किती दुखतंय, समजा १ म्हणाला. करताना ३ पर्यंत गेलं आणि तासाभरात परत खाली आलं तर चालतंय. दोन पॉइंटपेक्षा जास्त चढलं किंवा तासाभरात उतरलं नाही तर त्या दिवशी बंद, उद्या परत प्रयत्न. प्रत्येक पायरीला कमीत कमी २४ तास द्यायचे, सकाळी दुसरी आणि संध्याकाळी तिसरी असलं काही नाही.

तिसरी आणि चौथी पायरी यांच्यामध्ये मात्र दार आहे आणि दाराला कुलूप. चौथी म्हणजे टीमबरोबर धडका नसलेली प्रॅक्टिस, पासिंग ड्रिल वगैरे. पाचवी म्हणजे पूर्ण प्रॅक्टिस, टॅकल, हेडर, सगळं. सहावी मॅच. चौथीत पाय टाकायच्या आधी त्रास शून्य पाहिजे, आराम करताना पण आणि दम लागल्यावर पण, आणि डॉक्टरांची परवानगी पाहिजे. आणि चौथीनंतर त्रास परत आला तर तिथं "दोन पॉइंटपर्यंत चालतंय" हा हिशोब नाही, सरळ तिसरीला मागं. हा शून्य म्हणजे गोळी न घेता शून्य. पॅरासिटामॉल खाऊन आलेला शून्य तो शून्य नव्हे, म्हणून मी रोज पहिला प्रश्न तोच विचारतो.

आता तारखेचं. या सहा पायऱ्या रोज एक करत चढल्या तर आठवड्यात मॅच खेळता येईल असं कागदावर दिसतं, आणि हाच कागद घेऊन लोक माझ्याकडं येतात. पण तो हिशोब रोज डॉक्टरच्या नजरेखाली असणाऱ्या प्लेयरचा. आणि तिथं सुद्धा, वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा पूर्ण खेळायला लागायला सरासरी २० दिवसांच्या आसपास लागलेत. आपल्या ग्राउंडवर डॉक्टर नाही, फिजिओ नाही, असलाच तर बर्फाचा डबा घेऊन बसलेला मी. म्हणून मी ब्रिटननं २०२३ मध्ये गल्लीबोळातल्या खेळासाठी काढलेला नियम धरतो. लागलं तो दिवस शून्य. धडका असलेली प्रॅक्टिस कधी, तर आराम करताना सलग १४ दिवस काहीच त्रास नसेल तेव्हा. मॅच कधी, तर एकविसाव्या दिवसाच्या आधी नाहीच, आणि मधल्या पूर्ण प्रॅक्टिसला पण त्रास नको.

उदाहरण घ्या. रविवार १ तारखेला लागलं. शुक्रवारी ६ तारखेला पहिल्यांदा अख्खा दिवस काही त्रास नाही. ६ ते १९ चौदा दिवस झाले, २० ला पूर्ण प्रॅक्टिस, आणि एकविसावा दिवस येतो रविवार २२ ला. म्हणजे २२ ची मॅच कागदावर बसते. मी स्वतः २२ ला बेंचवर ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात उतरवतो, कारण एका पूर्ण प्रॅक्टिसवर माझा भरवसा बसत नाही. आता समजा त्रास १२ तारखेला थांबला, मग चौदा दिवस २५ ला पूर्ण होतात, २६ च्या आधी धडका नाहीत, तेव्हा एकवीस दिवस झाले की म्हणून २२ ला कुणी फोन केला तर उचलायचा नाही. दोन्हीतली जी तारीख लांबची ती आपली.

चार आठवडे होऊन गेले आणि तरी त्रास आहे, तर हे आता आपलं काम नाही, न्यूरोलॉजिस्ट किंवा स्पोर्ट्स मेडिसिनचा डॉक्टर गाठा. मानेमुळं, डोळ्यांमुळं, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळं पण डोकं दुखत राहतं आणि त्या प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

खरं कसं काढून घ्यायचं

पोरं खोटं बोलतात. वाईट म्हणून नाही, खेळायचंय म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कळतं की सरांना कुठलं उत्तर पाहिजे. म्हणून "त्रास होतोय का?" हा प्रश्नच मी सोडून दिला. मी विचारतो, काल मोबाईल सलग किती वेळ बघवला? गणिताचं पान वाचताना किती वेळा मागं जाऊन परत वाचलंस? वर्गात पंख्याचा आवाज नकोसा वाटतोय का? सकाळी कितीला उठलास आणि उठल्यावर परत झोपावंसं वाटलं का? अशा प्रश्नांना "ओके हाय" हे उत्तरच बसत नाही.

दुसरा फोन घरी. "वैनी, पोरगं चिडचिड करतंय का, टीव्हीचा आवाज कमी करा म्हणतंय का, जेवतंय का?" आई तीस सेकंदात जे सांगते ते पोरगं आठ दिवसांत सांगत नाही. तिसरं, त्याच्या शेजारी बसणारा वर्गमित्र, जो बहुतेक आमच्याच टीमचा असतो आणि थोडा चहा पाजला की सगळं ओकतो.

आणि शाळा-कॉलेज आधी, ग्राउंड नंतर. ज्याला अख्खा दिवस वर्गात बसवत नाही, डोकं न दुखता, त्याला पूर्ण प्रॅक्टिस कशी काय द्यायची? आपला सीझन आणि दहावी-बारावीचे पेपर नेमके एकमेकांवर येतात, तेव्हा हे जास्तच बघावं लागतं. काही घरांत उलटं होतं, अभ्यासाला डोकं दुखतं पण मॅचला नाही. ते कन्कशन आहे का पंधरा वर्षं वय आहे हे ठरवणं मात्र कुठल्याच नियमात बसत नाही.

सीझन सुरू व्हायच्या आधी एक काम करून ठेवा, सगळ्यांची साधी नोंद. एका पायावर वीस सेकंद उभं राहणं, सरळ रेषेवर टाच-बोट लावून चालणं, महिने उलटे म्हणणं, दहा शब्द ऐकून थोड्या वेळानं आठवून सांगणं. हे का, तर आमच्या स्ट्रायकरला महिने उलटे येतच नव्हते. डिसेंबर, नोव्हेंबर, सप्टेंबर आणि मग गप्प. डोक्याला काही लागलेलं नसताना. त्याला नंतर लागलं असतं तर मी उगाच घाबरलो असतो, आणि दुसऱ्या एकाला मागच्या वेळी वीस सेकंद सहज जमत होते आणि या वेळी सातला पाय टेकला, तेव्हा घाबरायलाच पाहिजे होतं. ही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण डॉक्टरांकडं नेताना वही दाखवली तर त्यांना पण बरं पडतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचं पण बघा. नुसतं "फिट" लिहिलेलं, रजेच्या अर्जाला जोडतात तसलं, मी घेत नाही. जाताना वहीची पानं घेऊन जायची आणि सरळ विचारायचं, धडका असलेला खेळ आणि हेडर याला परवानगी आहे का, आणि तेच वाक्य लिहून घ्यायचं. फोनवर "हां खेळू दे" म्हटलेलं धरायचं नाही, कुणी पण म्हटलं तरी.

दबाव येणारच

कोल्हापूरचं फुटबॉल ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. शाहू स्टेडियम भरलेलं असतं, पेठेची इज्जत पणाला लागलेली असते, आणि चहाच्या टपरीवर चाळीस जण सिलेक्टर. त्यात सोळा-सतरा वर्षांचं पोरगं "मला अजून बरं वाटत नाही" असं म्हणेल अशी अपेक्षा ठेवणंच चूक आहे. म्हणून आम्ही एक साधी गोष्ट करतो, मार लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच टाकतो की अमुक जण अमुक तारखेपर्यंत उपलब्ध नाही, विषय संपला. मग त्याला कुणी "येतोस का रे" विचारत नाही, विचारलंच तर शिव्या मला मिळतात, त्याला नाही. माझी तब्येत चांगली आहे, मी खातो शिव्या.

दुसरं, शेवटचा होकार मॅच जिंकण्यात ज्याचा जीव अडकलाय त्याच्याकडं ठेवायचा नाही. म्हणजे माझ्याकडं पण नाही. आमच्यात डॉक्टरांची चिठ्ठी, घरचा होकार आणि तालमीतले एक रिटायर्ड पीटीचे सर, या तिन्ही सह्या वहीत झाल्याशिवाय नाव टीमशीटवर जात नाही. ते सर ऑफसाईड कशाला म्हणतात ते सुद्धा विसरलेत आता, पण नाही म्हणायला एक नंबर माणूस.

कुणाला जास्त दिवस

अठराच्या आतली पोरं-पोरी सावकाश बरी होतात, मोठ्यांना दोन आठवडे लागतात तिथं यांना चार लागू शकतात. आधी कन्कशन झालेला, मायग्रेनचा त्रास असलेला, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्याला खूप जास्त त्रास झाला तो, यांना घाई अजिबात नको. मुलींच्या टीमचं बघणाऱ्यांनी तर अजून डोळे उघडे ठेवा, फुटबॉलमध्ये मुलींना कन्कशनचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त दिसलंय. गोलकीपरला मी नेहमी आठवडाभर उशिरा उतरवतो, कारण त्याचं डोकं लोकांच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं. पीटर चेकला २००६ च्या ऑक्टोबरला असाच गुडघा लागून कवटी फुटली होती, २००७ च्या जानेवारीत तो परतला, ते मऊ हेल्मेट घालून. पण ते हेल्मेट बघून आपल्याकडं काही जण "हेडगार्ड घालून खेळू दे की" म्हणतात, तर ते हाडाला, कातडीला वाचवतं, आत मेंदू हलायचा तो हलतोच. हेडगार्ड म्हणजे सुट्टी कमी करायचं तिकीट नव्हे.

एका सीझनमध्ये दुसऱ्यांदा झालं, किंवा मागच्यापेक्षा हलक्या धक्क्यानं व्हायला लागलं, किंवा दर वेळी बरं व्हायला जास्त दिवस लागायला लागले, तर तो सीझन संपला आणि स्पेशालिस्टशिवाय पुढचा पण सुरू नाही. किती वेळा झालं की फुटबॉल सोडायचं याचा काही ठरलेला आकडा नाही, ते पोराच्या आईबापांनी आणि डॉक्टरांनी बसून बोलायचं.

परत उतरवताना

पाचव्या पायरीला हेडर एकदम कॉर्नरवर नको. आधी स्वतः वर टाकून दोन-चार, मग समोरच्यानं हातानं टाकलेला, दुसऱ्या दिवशी हळू क्रॉस. पोरगं बॉल येताना डोळे मिटतंय का, मान आत घेतंय का ते बघा, शरीर बरं झालेलं असतं पण भीती राहिलेली असते, आणि घाबरून चुकीच्या वेळेला उडालेला प्लेयर परत डोकं आपटून घेतो. कन्कशनमधून परतलेल्यांना पुढचे काही महिने पाय मुरगळणं, गुडघा जाणं असले प्रकार पण जास्त होतात, म्हणून तोल सांभाळायचे व्यायाम बंद करू नका.

पहिल्या मॅचला मी अर्धा तास किंवा फार तर एक हाफ देतो, तो पण सेकंड हाफला, वॉर्मअप पूर्ण टीमबरोबर झाल्यावर. कॅप्टनला आधी सांगून ठेवायचं की याला डोक्याला काही पण लागलं, साधा कोपर लागला तरी, तुझा हात वर. त्या वेळी मॅडॉक्स नाही, प्रश्न नाहीत, तीन मिनिटं नाहीत, थेट बाहेर. टचलाईनवर एक माणूस फक्त त्याच्याकडं बघायला, बॉलकडं नाही, आणि हे काम आपल्या पोरांना सगळ्यात अवघड जातं, गोल झाला की सगळे तिकडं.

मॅच झाल्यावर रात्री घरी एक फोन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जायच्या आधी अजून एक, कारण त्रास कधी कधी रात्रभर झोपून उठल्यावर कळतो. सकाळच्या फोनला आई "बाहेर गेलाय पळायला" म्हणाली तर वहीत त्याच्या पानावर रेघ मारायची. "अजून उठला नाही, डोकं धरून पडलाय" म्हणाली तर परत पान पहिलं.